डाव्या हाताची गुणगुण

माझ्या मावशीच्या दुकानाला पाटी नाही. "ज्याला यायचंय तो विचारत येईल, आणि विचारणाऱ्याला रस्ता कोणीही दाखवतं," असं तिचं म्हणणं. ते खरंही आहे. कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याला विचारा, समोरच्या चष्मेवाल्याला विचारा, 'कोटवाल्या बाई' म्हटलं की बोट आपोआप त्या तळमजल्यावरच्या अरुंद खोलीकडे वळतं. आत पहिलं लागतं ते कापायचं टेबल. इतक्या वर्षांच्या टेकण्याने त्याची कड गुळगुळीत झालीय. मागे शिलाई मशीन, भिंतीवरच्या खुंट्यांना बाह्या नसलेले, कॉलर नसलेले अर्धवट कोट, आणि मध्ये मावशी. गळ्यात टेप, कानावर खडू, डाव्या मनगटावर टाचण्यांची उशी. दुकान उघडलं की ही उशी हातावर चढायची आणि कुलूप लावायच्या आधी मशीनच्या दांड्याला लटकायची. तोंडात कायम एकच वाक्य: "लवकर बोला, मला वेळ नाही."

ती कोट शिवायला कशी लागली ती गोष्ट आमच्या घरात इतक्या वेळा सांगून झालीय की ती घडली तेव्हा मी जन्मलेही नव्हते हे मलाच खरं वाटत नाही. मावशी तेव्हा शाळेत होती. तिच्या मामाने नवा कोट शिवून घेतला होता आणि तो काखेत काचायचा. कोट चढवताना मामा दर वेळी शिंप्याचा उद्धार करायचा. एके दुपारी मामा घोरत असताना या बयेने तो कोट उचलला, उलटा केला आणि ब्लेडने अख्खा उसवला. आजी खोलीत आली तर जमिनीवर कोटाचे तुकडे आणि मधोमध ही बसलेली. आजीच्या पायाखालची जमीनच सरकली. मावशी मान वर न करता म्हणाली, "आई, ओरडू नकोस, माझं माप चुकेल." दुसऱ्या दिवशी मामाने कोट घातला, हात दोनदा वर-खाली केला आणि म्हणाला, "आज काचत नाही. मी बारीक झालो की काय?" यातलं किती खरं आणि किती माझ्या आईने रंगवलेलं, देव जाणे. आमच्या घराण्यात हट्ट सगळ्यांनाच आहे, मावशीच्या वाट्याला मात्र दोघींपुरता आला.

तेव्हापासून तिचा एकच नियम. कोट बाहेरून बघायचा नसतो, उलटा करून बघायचा. "वरचं कापड लोकांसाठी, अस्तर अंगासाठी," ती म्हणते. "कोट मरतो तो अस्तरातून मरतो. आणि अस्तर फाटतं कुठे? सरळ पाठीवर कधीच नाही. काखेत, वळणावर, जिथे कापड उलटसुलट ओढलं जातं तिथे."

मग मावशीच्या किडन्या गेल्या. एका रात्रीत नाही गेल्या. रक्तदाबाच्या गोळ्या 'आज बरं वाटतंय' म्हणून चुकवण्यात बरीच वर्षं गेली, मग एक लांबलचक आजारपण झालं, त्यात सलाइनच्या सुया टोचून टोचून उजव्या हाताच्या शिरा सुतळीसारख्या कडक झाल्या, आणि शेवटी डायलिसिस सुरू झालं. मानेत नळी घातली. तिचं एक टोक आत, दोन तोंडं बाहेर, वर पांढरी पट्टी. दिवसाआड इस्पितळात जायचं, खुर्चीत बसायचं आणि यंत्राकडून रक्त धुऊन घ्यायचं. मावशीने पहिल्याच आठवड्यात स्वतःसाठी बंद गळ्याचे, नळीला जागा ठेवलेले दोन सदरे शिवले. टेबलावर वाकलं की नळी ओढली जायची, म्हणून ती ताठ उभी राहून कापड कापायला लागली. कापणी वाकडी यायला लागली. आजारपणाबद्दल तिने कधी तक्रार केली नाही, वाकड्या कापणीबद्दल मात्र रोज केली.

तिच्या सर्जनबाई तिच्यासारख्याच होत्या, बुटक्या आणि घाईत. त्यांनी सरळ सांगितलं. "ही नळी म्हणजे पाहुणा आहे. जास्त दिवस राहिला की घर खराब करणार. हातात फिस्टुला करू. मनगटाजवळ धमनी आणि शीर एकमेकींना जोडायच्या. धमनीतलं जोराचं रक्त शिरेत शिरलं की शीर त्या जोराने हळूहळू रुंद होते, तिची भिंत दणकट होते. मग तिथेच सुया घालून डायलिसिस करता येतं, नळी काढून टाकता येते."

"आणि शीर रुंद नाही झाली तर?"

"कधी कधी नाही होत. कधी कधी बंदही पडते. उजव्या हातात घेण्यासारखी शीर उरलेली नाही. त्यामुळे आपल्याकडे हा एकच हात आहे."

मावशीने डावा हात पुढे करून उलटासुलटा पाहिला, एखाद्या उरलेल्या कापडाच्या तुकड्यातून काय निघेल ते बघतात तसा. "मग यातच बसवू," ती म्हणाली.

ऑपरेशन झालं. सर्जनबाईंनी मनगटावरच्या टाक्यांजवळ बोट ठेवून बजावलं, "इथे काही दाबायचं नाही. घड्याळ नाही, बांगडी नाही, या हातावर रक्तदाब मोजू द्यायचा नाही, हात उशाखाली घेऊन झोपायचं नाही. आणि रोज सकाळी इथे बोटं ठेवून बघायचं. आत थरथर लागली पाहिजे. कान लावला तर आवाज येईल. थरथर थांबली तर घड्याळ बघत बसू नका, तडक इकडे या." मावशीने मान हलवली. बाहेर आल्यावर मला म्हणाली, "टाके बरे घातलेत. शेवटची गाठ मात्र जाड आहे."

कान लावायचं काम काकांनी आपणहून घेतलं. काका म्हणजे मावशीचे यजमान. त्यांनी जन्मभर बस चालवली. इंजिन केबिनमध्ये डाव्या हाताला, तेव्हा डावा कान इंजिनानेच खाल्ला. त्या बाजूने त्यांच्याशी बोलणं म्हणजे भिंतीशी बोलणं. पण उजवा कान शाबूत होता. रोज सकाळी चहाच्या आधी ते पलंगाच्या ठरलेल्या बाजूला बसायचे, मावशीचा हात आपल्या मांडीवर घ्यायचे आणि उजवा कान मनगटाला लावायचे.

"चालू आहे," पहिल्या दिवशी ते खुश होऊन म्हणाले. "मस्त घरघर येतेय."

"घरघर नका म्हणू," मावशी फिस्कारली. "घरघर मरणाऱ्याला लागते. गुणगुण म्हणा."

तेव्हापासून आमच्या घरात ती गुणगुण झाली. काका ऐकत बसायचे आणि मावशी दोन श्वासांत हात काढून घ्यायची. "झालं का? सोडा आता, दुकान उघडायचंय."

आता माझं थोडं सांगते, कारण पुढच्या गोष्टीत माझं काम येतं. मी एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत पेशी वाढवते. "पेशी वाढवतेस म्हणजे शेती का?" असं मला निदान निम्म्या नातेवाइकांनी विचारलंय. माझ्या आईचं म्हणणं तर असं की त्यापेक्षा कोंबड्या पाळल्या असत्या तर अंडी तरी मिळाली असती. आम्ही वाढवतो त्या रक्तवाहिनीच्या आतल्या बाजूच्या पेशी. रक्ताच्या आणि वाहिनीच्या भिंतीच्या मधे पेशींचा एक अगदी पातळ थर असतो. रक्ताचा प्रत्येक थेंब या थरावरून घासत जातो. बाळंतपणानंतर टाकून द्यायची नाळ बाळाच्या आईच्या परवानगीने आम्हाला मिळते. तिच्यातल्या शिरेतून आम्ही या पेशी काढतो, काचेवर पसरतो आणि त्यांच्यावरून पंपाने लाल-गुलाबी द्रव वाहवतो. प्रवाहाचा जोर कमी-जास्त केला की कोणत्या जगतात आणि कोणत्या मरतात ते बघतो. एकदा मावशीच्या दुकानात बसून मी हे सगळं समजावून सांगितलं. तिने दातांनी दोरा तोडला.

"अस्तर," ती म्हणाली. "मग सरळ अस्तर म्हण ना. उगाच एवढं पुराण."

त्यानंतर एका सकाळी काका मनगटावरून कान न उचलता म्हणाले, "आज मंद येतंय."

"तुमचा दुसरा कान पण गेला," मावशी म्हणाली. "सोडा, दुकान उघडायचंय."

दुसऱ्या दिवशी ते पुन्हा तेच म्हणाले. मावशीने पुन्हा तेच उत्तर दिलं. काकांनी तिसऱ्या दिवशी मला फोन केला, आणि काका एरवी फोन करत नाहीत. फोनवर त्यांना अर्धं ऐकू येत नाही. "तू ये आणि बघ," एवढंच बोलून त्यांनी ठेवून दिला. मी गेले, मावशीच्या मनगटावर तीन बोटं ठेवली. ऑपरेशननंतर तिथे मांजर गुरगुरावं तशी थरथर लागायची. आता बोटं दाबून शोधावं लागलं. होती, पण लांबून आल्यासारखी. काकांचा कान बरोबर होता. मला मावशीचा खूप राग आला आणि मी तिला तशीच रिक्षात बसवलं.

इस्पितळात सोनोग्राफी झाली. सर्जनबाई पडद्याकडे बघत राहिल्या. "जोड चांगला आहे," त्या म्हणाल्या. "बहुतेक वेळा गडबड जोडाजवळ होते. इथे मात्र वर, हाताच्या मध्यावर शीर अरुंद झालीय. आतून जाडही व्हायला लागलीय. प्रवाह कमी आहे. असाच राहिला तर आत रक्त गोठेल आणि मग काही करता येणार नाही." त्यांनी विचारलं, या हातावर काही घट्ट घालता का? नाही. घड्याळ? नाही. पिशवी अडकवता? नाही. या हातावर झोपता? काकांनी जोरजोरात मान हलवली, ते म्हणाले, मी रात्रभर हिचा हात धरून असतो, त्यावर झोपू देतच नाही. सर्जनबाईंनी पुढच्या आठवड्यात फुगा घालून शीर रुंद करायचं ठरवलं. "पण ज्या कारणाने अरुंद झाली ते कारण तसंच राहिलं तर ती पुन्हा अरुंद होईल. शोधा."

आम्ही शोधायला लागलो. सदऱ्यांच्या बाह्या तपासल्या, मावशीनेच शिवलेल्या, ढगळ होत्या. पांघरुणाची कड पाहिली. डायलिसिसच्या खुर्चीचा हात किती उंच आहे ते मी टेपने मोजून आले. काकांना शंका आली की ते हात जरा जास्तच घट्ट धरतात, म्हणून ते दोन रात्री पलंगाखाली चटईवर झोपले. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते उगाच नाही.

त्यातच मानेतल्या नळीने इंगा दाखवला, तिच्यात जंतू शिरले. डायलिसिस सुरू असताना मावशीला हुडहुडी भरली, दात वाजायला लागले, ताप चढला. औषधांनी तो उतरला, पण नळी आता लवकर काढावी लागेल हे सगळ्यांना कळलं. डावा हात चालला नाही तर पुढे काय, हे कोणी बोलून दाखवलं नाही. मावशी ताप उतरल्यावर दोन दिवस घरी होती. तिसऱ्या दिवशी मला म्हणाली, "तुझ्या त्या पेशी मला दाखव."

"कशाला?"

"माझ्या हातात काय मरतंय ते मला बघायचंय. कोट उलटा केल्याशिवाय मी कधी दुरुस्तीला घेतलाय का?"

सुटीच्या दिवशी मी आमच्या प्रमुखांची परवानगी काढून तिला घेऊन गेले. दारात तिला पांढरा कोट दिला. तिने तो घालण्याआधी उलटा करून पाहिला आणि कपाळाला आठ्या घातल्या. "हा खांदा कोणी बसवला? माणूस होता की खांब?" मी म्हटलं, मावशी, चल. आत पंपाचा बारीक आवाज येत होता. उबदार पेटीच्या काचेमागे पंपाचे रूळ फिरत होते आणि पारदर्शक नळ्यांतून तो लाल-गुलाबी द्रव झटक्या-झटक्याने पुढे सरकत होता. नळीला पुढे दोन फाटे, प्रत्येक फाट्यावर एक चपटी काचपेटी. मी पहिली पेटी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली आणि तिला स्टुलावर बसवलं. चष्मा वर कर, एक डोळा लाव, हा गोल फिरव. ती बराच वेळ फिरवत राहिली, मग तिचा हात थांबला.

"अगं, या तर सगळ्या एकाच दिशेने झोपल्यात."

"प्रवाहाच्या दिशेने. आधी अशा नव्हत्या. आधी फरशीच्या तुकड्यांसारख्या वेड्यावाकड्या होत्या. एका दिशेचा प्रवाह लागला, की लांबट होतात आणि त्या बाजूला वळतात."

"उभा धागा," मावशी पुटपुटली. "कापडात असतो तसा."

मग मी दुसरी पेटी ठेवली. मावशी बघत राहिली आणि तिचा चेहरा उतरला. इथे पेशींच्या रांगा मोडलेल्या होत्या, मधे मोकळी जागा दिसत होती, काही पेशी आक्रसून गोल झाल्या होत्या.

"हे काय तरंगतंय?"

"मेलेल्या."

"कोणी मारलं?"

"कोणी नाही. यांच्यावरचा प्रवाह कमी केला. रक्ताचा हात सतत पाठीवरून फिरत असला की पेशीला आतून निरोप मिळत राहतो, जगत राहा. तो हात थांबला, किंवा एकदा पुढे एकदा मागे असा घुटमळायला लागला, की निरोप बंद होतो. मग पेशी स्वतःच आवराआवर करते. आतलं सामान बांधते, भिंत सोडते आणि गाशा गुंडाळते."

"म्हणजे यांना काम लागतं," मावशी म्हणाली. "बसून राहिल्या की मरतात. माझ्याच घराण्यातल्या दिसतात." आम्ही दोघी हसलो. मग तिने डोळा बाजूला केला आणि पंपाकडे पाहिलं. "पंप तर एकच आहे. इकडे कमी, तिकडे जास्त कसं केलंस?"

मी तिला नळीवरचा चिमटा दाखवला. दुसऱ्या फाट्याच्या नळीला बाहेरून लावलेला साधा प्लॅस्टिकचा चिमटा, जरासाच आवळलेला. "नळी बंद नाही केली. फक्त दाबलीय."

मावशी त्या चिमट्याकडे बघत राहिली. मग तिने त्या बेढब पांढऱ्या कोटाची डावी बाही वर सारली. मनगटाच्या बरंच वर, हाताच्या मध्यावर, कातडीवर एक फिकट पट्टा उमटलेला होता. बारीक उभ्या वळ्यांचा, इलॅस्टिक रुतल्यावर उमटतो तसा. ती आजारामुळे पाच-सहा दिवस दुकानात गेली नव्हती, तरी तो पुसला गेला नव्हता.

"उशी," ती म्हणाली.

मला आधी कळलंच नाही.

"टाचण्यांची उशी. बाईंनी मनगटावर बोट ठेवून सांगितलं, इथे दाबायचं नाही. म्हणून मी ती वर सरकवली. वर हात जाड, म्हणून पट्टा जास्त ताणला जातो. मी त्यांचं ऐकलं गं. ऐकूनच केलं." तिने त्या पट्ट्यावरून अंगठा फिरवला. "त्यांनी विचारलं, घट्ट काही घालता का. मी नाही म्हटलं. उशी काय घालायची गोष्ट आहे? ती माझा हातच आहे."

त्या दुकानात मी लहानपणापासून येतेय. ती उशी मी हजारदा पाहिली होती, फिस्टुला झाल्यावरही पाहिली होती, आणि एकदाही पाहिली नव्हती. मावशीने चिमट्याला बोट लावलं. "हा उठवला तर?"

"वेळेत उठवला तर उरलेल्या पेशी हातपाय पसरतात, मोकळी जागा भरून काढतात."

"आणि उशिरा उठवला तर?"

"तर नाही."

"उशीर म्हणजे किती?"

"ते मला माहीत नाही मावशी. तेच शोधायचा मला पगार मिळतो."

तिने बाही खाली केली, बटण लावलं. "मग माझ्या हातावर शोध," ती म्हणाली आणि उठली.

सर्जनबाईंनी तो वळ पाहिला. "याच एका कारणाने झालं असं मी लिहून देणार नाही," त्या म्हणाल्या, "पण ती उशी माझ्या नजरेला पडता कामा नये." फुगा घालून त्यांनी शीर मोकळी केली. प्रवाह वाढला. पण आतलं अस्तर दुखावलेलं होतं, ते भरून येतं की पुन्हा जाड होतं, हे पुढचे काही आठवडे ठरवणार होते. त्यांनी मावशीला हातात दाबायला एक रबरी चेंडू दिला, मुठीने प्रवाहाला जोर येतो म्हणून. मावशी दुकानात उभी राहून तो दाबायची. कोट वेळेवर का झाला नाही म्हणून भांडायला आलेलं गिऱ्हाईक त्या मुठीकडे बघायचं आणि आवाज खाली आणायचं. त्याला वाटायचं, चेंडूच्या जागी आपलाच गळा आहे.

खरी लढाई चेंडूची नव्हती, सवयीची होती. उशी गेली, पण हात तिला विसरला नाही. मावशी कॉलर लावायची, टाचणी काढायची, आणि उजवा हात टाचणीसकट डाव्या हाताच्या मध्यावर जायचा, जिथे आता उशी नव्हती, फुगत चाललेली शीर होती. एकदा टोक कातडीला लागलंच. थेंबभर रक्त आलं. मी तिथे होते. मावशी पांढरी पडली, खुर्चीत बसली. तिने कापूस दाबला, जोरात नाही, जेमतेम, आणि ते थांबेपर्यंत तो काढला नाही.

मी म्हटलं, "मावशी, बस झालं. हात बरा होईपर्यंत दुकान बंद ठेव."

"नाही."

"शिरेत टाचणी घुसली असती तर?"

"म्हणूनच नाही. आज दुकान बंद केलं तर हा हात काही शिकणार नाही. उघडीन त्या दिवशी पहिली टाचणी तिथेच जाईल." मग ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "मला भीती वाटते. वाटत नाही असं नाही. रात्री नळीवर हात जातो आणि मनात येतं, आता पुन्हा ताप आला तर उठायची नाही मी. पण मला अजून कोट शिवायचेत. घरी बसून जगायचं असेल तर ते तुझ्या त्या दुसऱ्या काचेतल्यासारखं जगणं. या हाताला सवय मीच लावली. मोडायलाही मीच शिकवीन."

तिने शिकवलं. तिने अस्तराचं लालभडक कापड काढलं आणि डाव्या हातासाठी एक सैल बाही शिवली, इतकी सैल की आत वारा खेळावा. त्या रंगाकडे नजर गेली की हात थबकायचा. उशी तिने आपल्या अंगरख्यावर खांद्याजवळ टाचून टाकली. आणि मग ती मुद्दाम टाचण्या काढायला आणि लावायला लागली, काम नसतानाही, रिकाम्या कापडावर. उजवा हात निघायचा, लाल बाहीच्या वर हवेत थांबायचा आणि मग खांद्याकडे वळायचा. चुकला की मावशी त्याला मोठ्याने शिव्या घालायची. चष्मेवाला एकदा दारात येऊन विचारून गेला की आत कोण आहे. "माझा हात," मावशी म्हणाली. "लवकर बोला, मला वेळ नाही." हळूहळू हवेतलं थांबणं कमी झालं. मग एके दिवशी माझ्या लक्षात आलं की ती काकांशी भांडत भांडत सबंध पाठीला टाचण्या लावतेय आणि हात सरळ खांद्याकडे जातोय.

त्या सगळ्या दिवसांत काकांचा कान रोज मनगटावर होता. "आहे," ते म्हणायचे. "कालच्यापेक्षा बरं." कधी म्हणायचे, "तेवढंच." मावशी आता त्यांचा कान गेला असं म्हणेनाशी झाली. चार श्वास जास्त थांबायची, मग म्हणायची, "झालं का?"

सोनोग्राफी पुन्हा झाली. सर्जनबाईंनी पडदा आमच्याकडे वळवला आणि शिरेच्या रुंदीवर बोट ठेवलं. "ही घ्यायची, आता हिच्यात सुया घालता येतील," त्या म्हणाल्या. पहिल्यांदा सुया घातल्या तेव्हा डायलिसिसचा ब्रदर जरा बिचकत होता. मावशी म्हणाली, "बाळा, तिरपी धर, सरळ टोचली की कापड फाटतं." तो म्हणाला, "मावशी, तिरपीच धरलीय." सुया बसल्या, यंत्र फिरलं, नळ्या लाल झाल्या. काही खेपा अशा नीट गेल्यावर मानेतली नळी काढली. तिच्या जागी एक छोटी चौकोनी पट्टी राहिली, तीही पुढे निघणार होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्याकडे गेले. मावशी पलंगावर बसली होती, गळा उघडा असलेला सदरा घालून. तसा सदरा मी तिच्या अंगावर पुष्कळ दिवसांनी पाहिला. चहा झाकून ठेवलेला होता. काका आज नेहमीच्या बाजूला बसले नव्हते. पलंगाला वळसा घालून ते दुसरीकडे बसले होते, आणि तिथून वाकल्यावर मनगटावर आला तो त्यांचा डावा कान.

"अहो, चुकीचा कान लावलात," मावशी म्हणाली.

काका हलले नाहीत.

"अहो! भिंतीला काय ऐकू येणार?"

काकांनी एक हात वर करून तिला गप्प केलं. त्यांचे डोळे मिटलेले होते. मग ते म्हणाले, "येतंय."

"काय येतंय?"

"या कानाला. ऐकू येतंय की नुसतं लागतंय ते मला सांगता येत नाही. पण येतंय." त्यांच्या डोळ्यांतलं पाणी तिच्या हातावर पडलं. "इंजिन बंद झाल्यापासून या बाजूला मी काहीच ऐकलं नव्हतं."

मी दाराशीच उभी राहिले. मावशीचा हात आता ओढला जाणार, दुकान उघडायचंय असं ती म्हणणार, असं मला वाटलं. तिने उजवा हात उचलला. तो क्षणभर हवेत थांबला आणि मग काकांच्या पांढऱ्या डोक्यावर जाऊन बसला.

"ऐका," ती म्हणाली. "मला आज घाई नाही."